सरळ रेषेत तुटलेलं पुस्तक

पुस्तक तुटलं की माणसं आधी तारीख सांगतात. काल पडलं. परवा पोरानं ओढलं. घर बदललं तेव्हा हमालानं आपटलं. आमच्या दुकानात इतकी वर्षं पुस्तकं बांधायला येतात, पण "कसं तुटलं मला ठाऊक नाही" असं म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. मी ऐकून घेते आणि पुस्तक उलटं धरून त्याची पाठ बघते. दोरा कुजलेला असतो, नाहीतर कसरीनं खळ खाल्लेली असते, नाहीतर आधीच्या बांधणाऱ्यानं घाई केलेली असते. काल पडलं हे खरंच असतं. पण त्याआधी दहा वर्षं ते पुस्तक तुटतच होतं.

हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. मी फार बोलणारी बाई नाही. दुकानात माझं टेबल मागच्या बाजूला, पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या पलीकडे आहे, आणि मला ते बरं वाटतं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल चार पानं लिहावीत असं ठरलं, म्हणून ही वही काढली. कटिंगमधून उरलेल्या कागदांची, माझ्याच हातची. लिहून झाल्यावर अंकाला देईन की पेटीत ठेवीन, ते बघू.

मी निपाणीची. तिथं मराठी चौथी झाले आणि शाळा सुटली. लग्न होऊन बंगळूरला आले, श्रीरामपुऱ्यात राहिले, आणि मालकांच्या, म्हणजे नंजुंडप्पांच्या, बाइंडिंगच्या दुकानात कामाला लागले. दुकान मल्लेश्वरममध्ये, एका क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्लीच्या, आत. आधी नुसती खळ शिजवायचे. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद, कीड लागू नये म्हणून. मग घड्या घालायला लागले, मग शिवायला. मी डावरी आहे. मालकांनी पहिल्या दिवशी बघितलं आणि म्हणाले, सरी, म्हणजे ठीक आहे, टाके उलटे पडतील, पण पुस्तकाला काय कळतंय. माझे टाके खरंच उलटे पडतात. सगळ्यांचे उजवीकडे कललेले असतात, माझे डावीकडे. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून सांगितली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आमच्या कामाचं सांगते. पुस्तकाची पानं सुटी छापत नाहीत. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात, तो एक फर्मा. असे वीस-तीस फर्मे एकावर एक ठेवले की पुस्तक होतं. फर्म्याच्या घडीतून सुई आत घालायची, बाहेर काढायची, पुढच्या फर्म्याला गुंतवायची, याला जुजबंदी म्हणतात. वेळ फार लागतो, पण असं पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप उघडं राहतं. दुसरी सोपी रीत म्हणजे सगळा गठ्ठा एकत्र दाबायचा, पाठीपासून बोटभर अंतरावर वरून भोकं पाडायची आणि जाड दोऱ्यानं आरपार शिवायचं. पावतीपुस्तकांना, वकिलांच्या कागदांना ही रीत चालते. बाहेरून फार मजबूत दिसते. पण असं पुस्तक पूर्ण उघडत नाही. वाचणारा ते दाबतो, आणि कागद जुना असेल तर टाक्यांच्या ओळीवर पान मोडतं. फाटत नाही, मोडतं, पापड मोडावा तसं.

कामं नाना तऱ्हेची येतात. देवनहळ्ळीची एक आजी जमिनीचे कागद घेऊन आली होती. आजूबाजूला सगळीकडे प्लॉटांचे लेआउट पडलेले, आणि तिचे दीर एकेक कागद काढून नेतील अशी तिला भीती. एकही पान निघता कामा नये, असं शिव म्हणाली. मी आरपार शिवलं, दोनदा. महादेवपुऱ्याचा एक कॉम्प्युटरवाला मुलगा होणाऱ्या बायकोशी फोनवर झालेलं दोन वर्षांचं बोलणं छापून घेऊन आला आणि त्याला लाल मखमली बांधणी पाहिजे म्हणाला. भांडणंही ठेवायची का, असं मालकांनी विचारलं. ती काढली तर पुस्तक स्वल्पच उरेल, म्हणाला.

पण आमचं नेहमीचं काम म्हणजे पाद्र्यांच्या कॉलेजांचं. बंगळुरात अशी कॉलेजं पुष्कळ. त्यांच्या लायब्रऱ्या जुन्या, पुस्तकं जाडजूड. मला सुरुवातीला वाटायचं ख्रिस्ती म्हणजे सगळे एक. त्यातही दोन घरं आहेत आणि पाचशे वर्षांपूर्वी ती वेगळी झाली, हे मला दोन म्हाताऱ्यांनी शिकवलं. कारण दोघांनाही मराठी येत होतं, आणि दुकानात मराठी कळणारी मी एकटीच.

एक फादर सिल्वेस्टर. कॅथलिक. मूळचे मंगळूरकडचे, घरी कोंकणी, पण तरुणपणी पुण्यात सात वर्षं शिकल्यामुळे मराठी बोलायचे, जरा जपून. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी पेन्सिल. दुसरे रेव्हरंड पाटोळे. प्रॉटेस्टंट. मिरजेचे, तिकडच्याच ठसक्यात बोलणारे, बुटके आणि घाईचे. दोघंही आपापल्या कॉलेजात चर्चचा इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून एक वर्ग चालू केला होता. दर गुरुवारी, एकदा यांच्या कॉलेजात, एकदा त्यांच्या, दोन्हीकडची मुलं एकत्र बसवून. विषय एकच, की चर्च तुटलं का. हा वर्ग अकरा वर्षं चालला.

वर्गाच्या नोट्स आम्ही बांधायचो, म्हणून गुरुवारी वर्ग सुटला की दोघं दुकानात यायचे. आधी कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक कॉफी बाय-टू घ्यायची, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले. मग माझ्या टेबलासमोरच्या दोन स्टुलांवर बसून उरलेलं भांडण संपवायचं. मी शिवत असायचे. मला उद्देशून ते बोलत नसत, पण एखादा मुद्दा अडला की मला सांगून बघत.

मला समजलं ते असं. त्या काळी चर्चनं चिठ्ठ्या विकायला काढल्या होत्या. चिठ्ठी घेतली की मेल्यावरची शिक्षा कमी. फादर लगेच दुरुस्त करायचे, पापाची माफी नव्हे, माफीनंतर जी शिक्षा उरते तिच्यात सूट, आणि विकणं चूकच होतं. रेव्हरंड म्हणायचे, हा फरक चिठ्ठी घेणाऱ्या गरीब बाईला कुणी समजावला होता का? मग जर्मनीतला एक संन्यासी, तोही मास्तरच, याविरुद्ध उभा राहिला. इथपर्यंत दोघांचं एकमत. पुढे फाटे.

फादरांचं म्हणणं, घर घाण झालं होतं पण मोडलं नव्हतं. आतली माणसंच झाडू घेऊन उभी होती. लोक भक्तीनं येत होते. त्या संन्याशाला धीर धरता आला नाही, आणि मठांच्या जमिनींवर डोळा असलेले राजे त्याच्या मागे उभे राहिले, म्हणून तुटलं. रेव्हरंडांचं म्हणणं, झाडूनं जाणारी ती घाण नव्हती, शिकवणच वाकडी झाली होती. शंभर वर्षं आधी एकानं असंच सांगितलं तर त्याला जिवंत जाळलं. हा संन्यासी घर सोडून गेला नाही, त्याला घराबाहेर काढलं.

सोडून गेला की काढला, यावर अकरा वर्षं. दोघंही एकमेकांचं थोडं मानायचे. राजांना जमिनी हव्या होत्या हे रेव्हरंडांना कबूल, पुष्कळ बिशप लोभी होते हे फादरांना. पण तुटण्याची सुरुवात कुठून मोजायची, तिथं आले की दोघं दोन बाजूंना तोंड करायचे.

एकदा खिळ्यावरून झालं. रेव्हरंड मुलांना सांगत की संन्याशानं आपले मुद्दे लिहून चर्चच्या दाराला खिळ्यानं ठोकले. फादर म्हणत, ठोकले नाहीत, पत्रानं वरिष्ठांना पाठवले.

"खिळा कुणी पाहिला, पाटोळे?" फादर म्हणाले. "तो स्वतः एवढं लिहीत होता, पण दाराचं कुठं लिहीत नाही. त्याच्यामागून लोक सांगायला लागले."

"रत्नाबाई, तुम्ही सांगा," रेव्हरंड माझ्याकडे वळले. "ऑक्टोबर महिना, तिकडची थंडी, वारा. लाकडी दाराला कागद लावायचा आहे. काय कराल?"

मला विचारतील असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "खळ लावीन. खिळा मारला तर वाऱ्यानं कोपरा फाटेल."

फादर खूश झाले. "झालं. खिळा गेला."

"गेला तर जाऊ दे," रेव्हरंड म्हणाले. "कागद दारावर आला ना?"

त्या दिवशी घरी जाताना मी मनातल्या मनात हसत होते. जगात इतका जुना वाद चालला होता आणि त्यात माझ्या खळीचा उपयोग झाला.

आता पुस्तकाकडे येते. फादरांकडे चर्चच्या इतिहासाचा एक जाड इंग्रजी ग्रंथ होता. पुण्यातल्या त्यांच्या गुरूंनी जाताना दिलेला. समासात गुरूंची पेन्सिल, तिच्याखाली फादरांची. रेव्हरंडांनी काही वर्षांपासून त्यात आपली बारीक अक्षरंही घालायला सुरुवात केली होती, फादरांच्या परवानगीनं. त्या समासांवरून दोघं मिळून मुलांसाठी एक पुस्तक लिहीत होते. निम्मं झालं होतं. पहिलं प्रकरण कुणाचं, एवढंच ठरत नव्हतं, कारण जो आधी बोलेल तो सुरुवात ठरवणार. घाई होती, कारण फादर एकोणऐंशीचे झाले होते आणि जूनमध्ये त्यांना मंगळूरकडे म्हाताऱ्या पाद्र्यांच्या घरी राहायला जायचं होतं. तिथून परत येणं नाही.

फेब्रुवारीत रेव्हरंड तो ग्रंथ घरी घेऊन गेले. परत आणला तेव्हा त्याचे दोन तुकडे झालेले, टॉवेलात बांधलेले.

हे मला फादरांकडून कळलं. टॉवेलासकट ग्रंथ घेऊन ते एकटेच दुकानात आले. कॉपी काढायच्या मशिनवर पाटोळ्यांनी दाबून दाबून तोडला म्हणाले. दिला तेव्हा धड होता. मग मालकांकडून कळलं की रेव्हरंड वेगळंच सांगतायत. मी नुसता उघडला आणि हातात आला, घेतला तेव्हाच गेलेला होता. गुरुवारचा वर्ग बंद झाला. रेव्हरंड एकदा कोपऱ्यावरच्या हॉटेलात दिसले. पूर्ण कॉफी मागवली होती, आणि अर्धी तशीच ठेवून उठले.

फादर गेल्यावर मी टॉवेल सोडला. पानं घडीवर फाटली नव्हती. पाठीपासून बोटभर अंतरावर मोडली होती, वरपासून खालपर्यंत, पट्टी लावून कापल्यासारखी सरळ रेषेत. पाठीकडच्या तुकड्यात जाड दोऱ्याचे टाके होते. सगळे डावीकडे कललेले.

मी दुकानात लागून आठेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. सतरा वर्षं होऊन गेली. फादरांनी हाच ग्रंथ आणला होता, घड्या जीर्ण झाल्या होत्या म्हणून. मालकांनी पावतीवर जुजबंदी लिहिलं आणि मला दिला. असं काम म्हणजे एकेका घडीला पातळ कागदाची पट्टी लावायची, वाळवायची, मग शिवायचं. तीन-चार दिवस लागतात. आणि मला त्याच संध्याकाळी निपाणीची गाडी धरायची होती, धाकट्या बहिणीच्या लग्नाला. मालक कागद आणायला गेले होते. मी ग्रंथाची पाठ कटिंग मशिनखाली धरली, सगळ्या घड्या कापून टाकल्या, आरपार शिवला, वर पांढरा गोंद थापला आणि कापड चढवलं. दुपारभरात झालं. घडी एकदा कापली की परत येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वरून इतकं सुबक दिसत होतं की मालकांनी उघडून बघितलं नाही. लग्नाहून परत आले तेव्हा फादर खास सांगायला आले होते की काम फार भक्कम झालंय. मी मान हलवली. ते कौतुक मी ठेवून घेतलं.

त्यामुळे टॉवेलातले तुकडे बघून मला सगळं एका क्षणात कळलं. आणि मी टॉवेल परत बांधला.

का बोलले नाही, याचं मी पुष्कळदा कारण शोधलं. कामावरून काढतील ही भीती होती, पण खरं म्हणजे ती लहान होती. मोठी गोष्ट अशी की त्या दोघांच्या बोलण्यात मला एक जागा मिळाली होती. रत्नाबाईंना विचारा, म्हणायचे. ती जागा मला सोडवत नव्हती.

आठवड्यानं रेव्हरंड आले, एका मुलाचा प्रबंध घेऊन. जाता जाता टेबलाशी थांबले. त्यांनी ग्रंथ तुमच्याकडे आणला का, काय दिसलं तुम्हाला, असं विचारलं. मी मान खाली घालून म्हटलं, कागद जुना आहे. खोटं नव्हतं. पण रेव्हरंडांनी ते उचललं, हेच तर मी म्हणतोय म्हणाले, आणि गेले. पुढच्याच आठवड्यात फादर दारात उभे.

"रत्नाक्का, पुस्तक आधीच गेलेलं होतं असं तुम्ही त्यांना सांगितलं?"

"कागद जुना आहे म्हटलं, फादर."

"जुना होताच. जुनं असणं आणि तुटणं एक नव्हे." मग म्हणाले, "हेच तर मी त्यांना अकरा वर्षं सांगतोय."

त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. दोघांच्या पुस्तकातला त्यांचा भाग होता. हा वेगळा बांधा म्हणाले, मी जाताना बरोबर नेणार. दोन दिवसांनी रेव्हरंडांनी एका मुलाच्या हाती आपला भाग पाठवला. चिठ्ठी होती, वेगळा बांधावा.

दोन गठ्ठे माझ्या टेबलावर डावी-उजवीकडे पडले होते. त्यातली पानं एकमेकांना उत्तरं देत लिहिलेली. समासात बाणही काढलेले, दुसऱ्याच्या पानाकडे जाणारे. हे दोन वेगळ्या पुठ्ठ्यांत मी बांधले असते तर त्या ग्रंथाची पाठ मी दुसऱ्यांदा कापली असती. मार्च संपत आला होता. जूनपर्यंत दोन महिने.

मी मालकांना म्हटलं, दोघांनाही फोन करा, काम झालंय, सोमवारी सकाळी दहाला या म्हणून सांगा. एकाच वेळी? त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं काही सांगितलं नव्हतं, म्हणून असेल, त्यांनी कारण विचारलं नाही.

सोमवारी फादर आधी आले. रेव्हरंड दारात थबकले, परत फिरायच्या बेतात होते, पण मालकांनी त्यांची छत्री आधीच हातातून घेतली होती. दोघं आपापल्या स्टुलावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. मी ग्रंथाचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. शेजारी कालच शिवलेलं एक साधं पावतीपुस्तक ठेवलं, कापड न चढवलेलं, टाके दिसतील असं. बोलायचं मी दोन दिवस घोकलं होतं. ते सगळं विसरले. हात मात्र चालले. आधी पावतीपुस्तकाचे टाके दाखवले, मग ग्रंथाचे.

"हे दोन्ही माझे," मी म्हटलं. "मी डावरी आहे. असे टाके दुकानात दुसऱ्या कुणाचे नाहीत. जुजबंदी करायची होती. मी घड्या कापल्या आणि आरपार शिवलं. मला गाडी धरायची होती. पान टाक्यावर मोडतं, म्हणून सरळ रेषेत मोडलंय. तुम्ही दोघांनी तोडलं नाही. मी तोडलं, सतरा वर्षांपूर्वी."

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी कन्नडमध्ये वाद घालत होता, तेवढं ऐकू येत होतं. मालकांना मराठी येत नाही, पण टाके कळतात. ते पुढे आले, वाकून बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, पावतीवर जुजबंदी मी लिहिलं, पण उघडून मीही बघितलं नाही, अक्का. एवढं बोलून काउंटरवर जाऊन बसले.

फादरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "पहिल्या दिवसापासून ते उघडत नव्हतं. मला वाटलं, मजबूत आहे म्हणून. मी त्याच्यावर दगड ठेवायचो वाचताना. एक गुळगुळीत दगड आहे माझ्याकडे."

"किती वर्षं?" रेव्हरंडांनी विचारलं.

"सगळी वर्षं."

रेव्हरंड टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "मशिनवर मी दाबलं होतं. एकदा."

"एकदाच?"

"चारदा. पण गेलेलंच होतं हो ते, सिल्वेस्टर."

"होतं," फादर म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाचशे वर्षं आम्ही एकमेकांकडे बोट दाखवतोय. माझ्याकडून झालं असं म्हणणारं माणूस पहिल्यांदा भेटलं, ते पण बाइंडिंगच्या दुकानात."

मला हे कौतुक वाटलं नाही, आणि त्यांना करायचंही नव्हतं. ते रागावले होते, ते दिसत होतं. गुरूंच्या पुस्तकाच्या घड्या कापल्या म्हटल्यावर कोण रागावणार नाही? उठताना त्यांनी एवढंच विचारलं, आता काही होईल का? मी म्हटलं, घड्या परत येणार नाहीत. पण दोन-दोन पानं पातळ कागदाच्या पट्टीनं जोडून नवी घडी करता येते. वेळ लागेल. टेबलावरचे दोन गठ्ठे मात्र उचलले नाहीत कुणी. मालकांनी ते एकावर एक ठेवून दोरीनं बांधले, आणि रेव्हरंडांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. दोघं बाहेर पडले. थोड्या वेळानं मालक कोपऱ्यावरून चहा घेऊन आले आणि म्हणाले, दोघं तिथंच बसलेत, एक कॉफी, बाय-टू.

मला तो ग्रंथ पुरा करायला सात आठवडे लागले. दुकानातलं रोजचं काम संपवून एकेक जोडी. मोडलेलं पान शेजारच्या पानाशी जुळवायचं, मधे पट्टी, पातळ खळ, वर दाब. काही ठिकाणी समासातली अक्षरं मोडीच्या रेषेवर आली होती. तिथं कुठलं अक्षर कुणाचं हे विचारायला गुरुवारी दोघांना बोलवायचे. दोघं परत स्टुलांवर बसायचे, आता जवळ सरकवलेल्या. पेन्सिलीच्या अर्ध्या शब्दावरून पुन्हा तोच वाद निघायचा, सोडून गेला की काढला. एका जागी अक्षर कुणाचं ते दोघांनाही ओळखता आलं नाही, आणि तो मुद्दा दोघांनाही आपलाच वाटत होता.

त्यांचं पुस्तकही, लिहून झालं होतं तेवढं, मी बांधलं, एकाच पुठ्ठ्यात. पहिलं प्रकरण कुणाचं ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मग रेव्हरंडांनी सांगितलं, रत्नाबाई, पहिला फर्मा कोरा ठेवा. फादर म्हणाले, चालेल. ते पुस्तक दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होतं. मुलं विचारतात तेव्हा रेव्हरंड सांगतात म्हणे, तेवढं तुम्ही लिहा.

मेच्या शेवटी ग्रंथ तयार झाला. पुठ्ठा चढवला होता, फक्त शेवटचं अस्तर चिकटवायचं राहिलं होतं. अस्तर म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावतात तो कागद. तो चिकटला की आतली शिवण, पट्ट्या, सगळं झाकलं जातं. पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं, बांधणाऱ्याचं नसतं. आमच्यातले काही जुने लोक अस्तराखाली पेन्सिलीनं नाव आणि साल टाकायचे. पुस्तक पुन्हा तुटेल तेव्हाच ते दिसतं, आणि तेही दुसऱ्या बांधणाऱ्यालाच. मी कधी टाकलं नव्हतं.

तेव्हा टाकलं. पुठ्ठ्यावर मराठीत लिहिलं. ही शिवण दुसऱ्यांदा केली आहे. पहिली मीच केली होती, ती चुकीची होती, पाने तिच्यामुळे मोडली. वाचणाऱ्यांचा दोष नाही. रत्ना, मल्लेश्वरम.

फादर त्या दिवशी न्यायला लवकर आले. रेव्हरंड बरोबर होते, कारण फादरांनी ग्रंथ त्यांनाच द्यायचं ठरवलं होतं. मंगळूरला तो वाचायला डोळे उरले नाहीत, म्हणाले. अस्तर अजून उघडं होतं. फादरांनी वाकून पुठ्ठ्यावरची पेन्सिल वाचली, बोट फिरवत, हळूहळू. मग खिशातली पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली.

"नावाच्या आधीचं वाक्य बदला," ते म्हणाले. "पाटोळ्यांना पण विचारा."

रेव्हरंडांनी वाचलं आणि होकारार्थी मान डोलावली. मी खोडरबर घेतलं. पुसून त्या जागी लिहिलं, वाचणाऱ्यांचाही थोडा दोष. दोघांनी बघितलं. मग मी खळीचा ब्रश फिरवला, अस्तर बसवलं, हाडाच्या पट्टीनं दाबत नेलं आणि ग्रंथ शिकंज्यात ठेवला.